एका शंखाला नाव मिळते तेव्हा

शाळेची सहल कोकणात गेली की परतीच्या गाडीत प्रत्येक पिशवीत मूठभर वाळू आणि तिच्यासोबत शंख-शिंपले येतात. आम्हां नाशिककरांना समुद्र लांबचा. सह्याद्रीचा घाट उतरून डहाणू-बोर्डीपर्यंत गेल्याशिवाय तो दिसत नाही. म्हणूनच की काय, इथल्या मुलांना शंखांचे अप्रूप अधिक. अशाच एका सहलीनंतर मुलांनी आणलेले शंख टेबलावर मांडून आम्ही त्यांची नावे सांगत होतो. एका मुलीने विचारले, "हे नाव कोणी ठेवलं?" पुस्तकात पाहून तेही सांगितले. मग तिने विचारले, "पण याचं नाव आधी कोणी ठेवलेलं नाही, हे त्यांना कसं कळलं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे होते. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मात्र गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. त्यात चुका आहेत, दुरुस्त्या आहेत, आणि सुदैवाने त्यातला बराच भाग आपल्याच मुंबई-कोकणात आणि आपल्याच सह्याद्रीत घडलेला आहे. तो शिक्षकांनी जरूर मुलांना सांगावा असे वाटते, म्हणून हा लेख. (सोयीसाठी या लेखात 'जाती' म्हणजे एकाच प्रकारच्या जिवांचा गट आणि 'प्रजाती' म्हणजे जवळच्या जातींचा मोठा गट, असे शब्द वापरले आहेत. प्रजातींच्या वर 'कुल' येते.)

शंख काय सांगतो?

शंख म्हणजे गोगलगाईचे घर, असे आपण मुलांना सांगतो. ही उपमा अर्धीच खरी आहे. घर सोडून जाता येते. गोगलगाईला मात्र शंख सोडता येत नाही, कारण तिचे शरीर त्याला आतून स्नायूने जखडलेले असते. शंख बदलत हिंडणारा जो प्राणी मुलांनी पाहिलेला असतो तो शंखवासी खेकडा. शंख त्याचा नव्हेच, मेलेल्या गोगलगाईचा त्याने बळकावलेला असतो.

गोगलगाईच्या अंगावर मांसल पडद्यासारखे एक आवरण असते. त्याच्या कडेतून कॅल्शियम कार्बोनेट पाझरते आणि शंखाच्या तोंडाशी थरावर थर बसत जातात. म्हणजे शंखाचे टोक सर्वांत जुने आणि तोंडाची कड सर्वांत नवी. टोकावरचा टाचणीच्या डोक्याएवढा भाग तर प्राणी अंड्यात किंवा डिंभावस्थेत असतानाच तयार झालेला असतो. भिंगाखाली तो नीट पाहिला तर बाळपण कसे गेले याचा अंदाज येतो. त्या इवल्याशा भागात वेढे पुष्कळ असतील तर डिंभ समुद्रात बराच काळ तरंगत, खात-पीत राहिला असावा. वेढे थोडे आणि फुगीर असतील तर पिल्लू अंड्यातून बाहेर पडताच खडकावर सरपटू लागले असावे. शंख म्हणजे एका दृष्टीने त्या प्राण्याची रोजनिशीच, आणि तिच्यातले मागचे पान फाडता येत नाही.

म्हणून शंखाचे वर्णन करणारा शास्त्रज्ञ क्रमाने पुढील गोष्टी पाहतो: उंची आणि रुंदी, वेढ्यांची संख्या, दोन वेढ्यांमधली शिवण खोल की उथळ, पृष्ठभागावरच्या उभ्या बरगड्या आणि आडवे दोरे, तोंडाचा आकार, तोंडाच्या कडेवर आतून दात आहेत का, मधल्या खांबावर घड्या आहेत का, तोंडाच्या खालच्या टोकाशी पन्हळ आहे का. रंग सर्वांत शेवटी, कारण उन्हात पडलेल्या शंखाचा रंग उडतो.

शंख धरायचाही एक ठराव आहे. टोक वर आणि तोंड आपल्याकडे. असे धरल्यावर बहुतेक सगळ्या शंखांचे तोंड उजव्या बाजूला येते. इथे वर्गात एक गंमत करता येईल. पंचवटीत पूजासाहित्याच्या दुकानात 'दक्षिणावर्ती' शंखाची चौकशी केली तर तो दुर्मिळ आणि महाग असल्याचे दुकानदार सांगेल. मग उजवीकडे तोंड असणारे शंख तर सर्रास आढळतात, असे कसे? उत्तर सोपे आहे. आपल्या परंपरेत शंख टोक खाली करून धरतात, त्यामुळे डावे-उजवे उलटते. पूजेतला दक्षिणावर्ती हा शास्त्रज्ञांच्या भाषेत डावा शंख होय, आणि पूजेच्या शंखाच्या जातीत, म्हणजे टर्बिनेला पायरममध्ये, तो खरोखरच विरळा आहे. दुर्मिळ वस्तूला किंमत आली की नकलाही येतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावर एका वेगळ्याच कुलातील मोठी गोगलगाय आढळते. तिचा शंख मुळातच डावा असतो. तो दक्षिणावर्ती म्हणून विकला जातो. मधल्या खांबावरच्या ठसठशीत घड्या पाहता आल्या तर फसगत टळते. पूजेच्या शंखात त्या असतात, अमेरिकी शंखात नसतात. शंखाचे वर्णन नेमके करण्याचा हा एक रोकडा उपयोग!

नाव म्हणजे खुंट्याला बांधलेली दोरी

प्राण्यांना दोन शब्दांची लॅटिन नावे देण्याची आजची पद्धत लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरली जाते. लिनियसने गोगलगाईंचे गट मुख्यतः शंखांवरून पाडले. त्याच्या एक वर्ष आधी, १७५७ मध्ये, सेनेगलमध्ये राहून आलेल्या मिशेल आदाँसाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने वेगळाच आग्रह धरला होता: शंखाबरोबर आतला प्राणीही पाहिला पाहिजे. आदाँसाँचे म्हणणे तत्त्वतः बरोबर होते, पण व्यवहारात जिंकला लिनियस. कारण उघड आहे. शंख खिशात घालून दहा हजार मैल नेता येतो. मऊ प्राणी दोन दिवसांत कुजतो.

नवी जाती जाहीर करण्याची रीत थोडक्यात अशी. हाती आलेला शंख पूर्वी वर्णन झालेल्या सर्व जवळच्या जातींशी ताडून पाहायचा. कशाशीच जुळत नसेल तर फरक नेमके लिहायचे. नाव ठरवायचे. हे सर्व छापून प्रसिद्ध करायचे. आणि ज्या शंखावरून वर्णन केले तो संग्रहालयात कायमचा जपून ठेवायचा. त्या शंखाला 'प्ररूप नमुना' म्हणतात.

प्ररूपाविषयी एक गैरसमज विद्यार्थ्यांमध्ये नेहमी आढळतो. प्ररूप म्हणजे त्या जातीचा सर्वांत उत्तम किंवा सर्वांत सर्वसाधारण नमुना नव्हे. तो फुटका असू शकतो, पोरवयाचाही असू शकतो. तो फक्त एक खुंटा आहे. नावाची दोरी त्याला बांधलेली असते. उद्या कोणी म्हणाले की या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन जाती मिसळल्या आहेत, तर जुने नाव कोणत्या जातीकडे राहणार हे तो खुंटा ठरवतो. विद्वानांचे बहुमत इथे उपयोगी नाही. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या कोणत्याही नव्या जातीसाठी प्ररूप स्पष्टपणे नमूद करणे आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचे झाले. पूर्वी मात्र अनेक जण 'माझ्याकडे असे चार शंख आहेत' एवढ्यावरच भागवत. त्याचा त्रास आजही निस्तरावा लागतो.

मुंबईचे पंचवीस शंख

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या काळी मुंबईत राहणाऱ्या अलेक्झांडर अॅबरक्रॉम्बी या गृहस्थाला शंखांचा नाद होता. मुंबईच्या किनाऱ्यावरील नेहमीच्या शंखांवर त्याने सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेही. ओहोटीच्या वेळी खडकांतून आणि वाळूतून वेचलेले शंख त्याने इंग्लंडमध्ये जेम्स कॉस्मो मेलव्हिल याच्याकडे पाठवले. मेलव्हिल (१८४५-१९२९) मँचेस्टरजवळ राहत असे. वनस्पती आणि शंख या दोन्हींचा तो मोठा संग्राहक होता.

१८९३ साली मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीच्या वार्षिकात मेलव्हिलचा निबंध आला. अणुसिद्धान्त मांडणारा जॉन डाल्टन एके काळी ज्या संस्थेचा अध्यक्ष होता तीच ही संस्था. निबंधाचा विषय: अॅबरक्रॉम्बीने मुंबईहून आणलेल्या सागरी शंखांच्या पंचवीस नव्या जाती. त्याच वर्षी दोघांच्या नावे मुंबईच्या सागरी मृदुकाय प्राण्यांची यादीही छापली गेली. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, मेलव्हिलने मुंबईच्या अगदी बारीक शंखांवर आणखी एक निबंध लिहिला.

या नावांत आपला भूगोल उमटलेला आहे. एक जाती 'बॉम्बेयाना', एक 'कोंकणेन्सिस', म्हणजे कोकणची. एक 'बँडोरेन्सिस'. ही बँडोरा म्हणजे आपले वांद्रे, त्या काळच्या इंग्रजी-पोर्तुगीज वळणाने लिहिलेले. वांद्र्याच्या खडकांवर भरती-ओहोटीची वेळ पाहून कालवे काढणाऱ्या बायकांच्या पायांखाली जो चिमुकला शंख येत असेल, त्याच्या नावात ते गाव कायमचे बसले.

मेलव्हिलची लिहिण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. आधी लॅटिनमध्ये नेमके वर्णन: वेढे किती, बरगड्या किती, तोंड कसे. मग मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी. मग इंग्रजीत चार ओळी, हा शंख कोणत्या जातीजवळचा आणि कशात वेगळा. सोबत चित्रे. शंभराहून अधिक वर्षांनंतर ती पाने वाचून कोणीही किनाऱ्यावरचा शंख ताडून पाहू शकतो. शास्त्रीय लेखनाची कसोटी हीच. लिहिणारा समोर नसताना, वस्तू समोर नसताना, वाचणाऱ्याला तीच वस्तू ओळखता आली पाहिजे.

'कोंकणेन्सिस'चे पुढे काय झाले? ती जाती आज सेमिरिसिन्युला या प्रजातीत धरली जाते. मेलव्हिलने तिला दुसऱ्या प्रजातीत ठेवले होते. म्हणून आजच्या यादीत नावापुढे मेलव्हिलचे नाव आणि १८९३ हे साल कंसात लिहितात. हा कंस छपाईची हौस म्हणून येत नाही. 'जाती ओळखली याने, पण ठेवली होती दुसऱ्या घरात' असे तो सांगतो. यादी वाचताना विद्यार्थ्यांना हे कंस शोधायला लावावेत. शास्त्रात दुरुस्ती होते आणि तरीही पहिल्याचे श्रेय पुसले जात नाही, हे त्या दोन वक्र रेघांत दिसते.

मात्र या सर्व कामात एक उणीव होती. मँचेस्टरला पोचले ते रिकामे शंख. प्राणी काय खातो, अंडी कोठे घालतो, त्याचे दात कसे आहेत, नर-मादी वेगळे आहेत का, यांतले काहीही त्या निबंधाला सांगता येत नव्हते. शंखाच्या पुराव्यावर जेवढे सांगता येते तेवढेच मेलव्हिलने सांगितले. ते पुरेसे असते का? याचे उत्तर समुद्रावर मिळाले नाही, ते मिळाले आपल्या सह्याद्रीच्या कड्यावर, तेही या निबंधाच्या तीस वर्षे आधी.

कड्यावरची समुद्री गोगलगाय

१८५५ साली एडगर लेयार्ड या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने पश्चिम भारतातील गोड्या पाण्यातल्या एका लहानशा शंखाचे वर्णन केले. शंख टणक, गोलसर, वेढ्यावर कंगोरा असलेला. लेयार्डने तो अँक्युलोटस या प्रजातीत घातला. अँक्युलोटस म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या नद्यांमधली गोगलगाय. शंखाचे साम्य खरोखरच होते. पण अमेरिकेच्या नदीतला प्राणी सह्याद्रीत कसा आला, हा प्रश्न उरतोच.

विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड (१८३२-१९०५) १८५५ मध्येच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाला. (त्याचा धाकटा भाऊ हेन्री हा पुढे भारतीय हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला.) १८६२ नंतरची काही वर्षे ब्लॅनफर्डचे काम पश्चिम भारतात होते. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर तपासत तो हिंडत असे. खडक पाहणाऱ्याच्या नजरेला खडकावरचे जीवही पडतात. पावसाळ्यात पाणी झिरपणाऱ्या उभ्या कड्यांवर त्याला एक छोटी गोगलगाय चिकटलेली दिसली. १८६३ साली त्याने लंडनच्या एका नियतकालिकात तिचे वर्णन छापले. प्रजातीचे नाव क्रेम्नोबेटस, ग्रीक भाषेत 'कड्यावर चालणारा'. जातीचे नाव सिहाद्रेन्सिस, म्हणजे सह्याद्रीची.

ब्लॅनफर्ड आणि लेयार्ड यांच्यातला फरक लक्षात घ्यावा. ब्लॅनफर्डने जिवंत प्राणी त्याच्या जागेवर पाहिला होता. आणि त्याचे साम्य त्याला आढळले ते लिटोरिना या प्रजातीशी. लिटोरिना कोठे राहते? समुद्रकाठच्या खडकांवर, भरतीच्या रेषेशी. कोकणात कोणत्याही खडकाळ किनाऱ्यावर गेलात तर लाटांचे तुषार जेमतेम पोचतात अशा उंचीवर बारीक शंखांचे पुंजके चिकटलेले दिसतात. ते याच कुलातले. हे सारे कुल समुद्राच्या काठाने राहणारे. आणि त्यातलीच एक शाखा समुद्र सोडून शेकडो मीटर उंचीवर, पावसाच्या पाण्यावर जगत होती! अमेरिकेच्या नदीशी तिचा संबंध नव्हता. शंखाने लेयार्डला फसवले होते.

गोष्ट इथे संपत नाही. क्रेम्नोबेटस हे नाव १८६१ सालीच गुंटर या शास्त्रज्ञाने एका माशाच्या प्रजातीला देऊन टाकले होते. प्राण्यांच्या दोन प्रजातींना एकच नाव चालत नाही आणि जो आधी आला त्याचा हक्क मोठा. ब्लॅनफर्डला आपले नाव मागे घ्यावे लागले. १८६९ साली त्याने नवे नाव दिले, क्रेम्नोकाँकस, म्हणजे 'कड्यावरचा शंख'. आज तेच चालते. इतक्या जाणत्या माणसालाही 'हे नाव आधी कोणी ठेवलेले नाही ना?' या प्रश्नाने चकवले. आमच्या त्या विद्यार्थिनीला हे सांगितले तेव्हा तिला फार आनंद झाला.

त्यानंतर या गोगलगाईकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९३५ मध्ये लिंके या जर्मन संशोधकाने तिच्या जननेंद्रियांचा अभ्यास केला आणि ती लिटोरिनाच्या कुलातलीच असल्याचे शरीररचनेवरून पक्के झाले. पुढे २०१३ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील डेव्हिड रीड आणि कर्नाटकातील एन. ए. अरविंद व एन. ए. मध्यस्थ या तिघांनी सगळ्या प्रजातीचा नव्याने आढावा घेतला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील झरे-धबधबे हिंडून त्यांनी नमुने गोळा केले. शंख मोजले, दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, जननेंद्रिये तपासली आणि डीएनएचे तुकडे ताडून पाहिले. एकूण नऊ जाती निघाल्या, त्यांतल्या बहुतेक विज्ञानाला नव्या. एकीचे नाव 'आगुंबेन्सिस', कर्नाटकातील मुसळधार पावसाच्या आगुंब्यावरून. एकीचे 'हनुमानी'. एक गट महाराष्ट्रात, दुसरा कर्नाटकात, आणि मधला मोठा पट्टा रिकामा.

समुद्राच्या काठची गोगलगाय इतक्या उंचीवर आली कशी? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा भूभाग भारतापासून फुटून वेगळा झाला. सह्याद्रीचा कडा त्या फुटीच्या काठातून, हळूहळू मागे सरत, घडला असे भूशास्त्रज्ञ मानतात. कडा समुद्रापासून दूर गेला तशी काठावरची गोगलगाय त्याच्याबरोबर वर राहिली असेल का? हा एक विचार आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण नुसत्या शंखावर विसंबून तिला अमेरिकेच्या नदीत ढकलले असते तर हा प्रश्न सुचलाही नसता.

उलटी चूक

शंख दोन दिशांनी फसवतो. दूरच्या दोन प्राण्यांचे शंख सारखे दिसू शकतात, हे आपण पाहिले. याच्या उलट, एकाच जातीचे शंख अगदी वेगळे दिसू शकतात. लिटोरिनाच्याच एका युरोपीय जातीची, लिटोरिना सॅक्सॅटिलिसची, कथा प्रसिद्ध आहे. लाटा आदळणाऱ्या खडकावर तिचा शंख लहान, पातळ आणि मोठ्या तोंडाचा होतो, कारण पायाने घट्ट चिकटून राहावे लागते. खेकड्यांचा वावर असलेल्या शांत जागी तोच शंख मोठा आणि जाड होतो. दोन्ही शंख शेजारी ठेवले तर एकाच जातीचे आहेत यावर विश्वास बसत नाही. परिणाम असा की १७९२ पासून निरनिराळ्या विद्वानांनी या एका जातीला ११३ नावे दिली! जगातल्या सागरी जीवांच्या नावांची मोठी तपासणी झाली तिचे निष्कर्ष २०१५ साली जाहीर झाले. सुमारे ४,१९,००० नावांपैकी सुमारे १,९०,४०० नावे म्हणजे एकाच जातीला दिलेली दुबार नावे होती. विक्रम या गोगलगाईचा.

म्हणजे शंखावरून जाती ओळखणे सोडून द्यावे का? मुळीच नाही. नागपूरजवळ दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणारा फायसा प्रिन्सेपी हा जीवाश्म शंख घ्या. १८४० साली सॉवर्बीने त्याचे वर्णन केले. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपचे नाव त्यात आहे. त्या गोगलगाईचे मांस कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसे झाले, डीएनए मिळण्याची आशाच नाही. लाव्हाच्या दोन लोंढ्यांमधल्या शांत काळात तिथे गोड्या पाण्याची तळी होती, हे आपल्याला त्या शंखांनी सांगितले. जिथे फक्त शंखच उरतो तिथे शंखाइतका बोलका साक्षीदार दुसरा नाही. फक्त साक्षीदाराला जे माहीत आहे तेवढेच त्याला विचारावे.

चिठ्ठीची किंमत

या साऱ्या इतिहासातून आमच्या मनात घर करून राहिलेली गोष्ट मात्र शंखाची नाही, शंखासोबतच्या चिठ्ठीची आहे. काही वर्षांपूर्वी एका जुन्या महाविद्यालयाच्या संग्रहालयात शंखांचे कपाट पाहण्याचा योग आला. चार खण भरून शंख, कोणीतरी आयुष्यभर हौसेने जमवलेले. पण चिठ्ठ्या कसरीने खाल्लेल्या. काही ठिकाणी रंगकाम करताना शंख काढून पुन्हा कसेही भरलेले. कोणता शंख कोठून, कधी आणला, सांगायला कोणी नव्हते. त्यांतला एखादा अॅबरक्रॉम्बीच्या काळचा असेल, एखादी अजून कोणीच न वर्णिलेली जातीही असेल. पण जागा आणि तारीख गेली की शास्त्राच्या दृष्टीने शंख मुका होतो. आम्ही ते कपाट बंद करून बाहेर आलो तेव्हा एखाद्या गावाचे दप्तर जळाल्यासारखे वाटले.

त्याउलट मेलव्हिलचा संग्रह पाहा. तो पुढे टॉमलिन या संग्राहकाकडे गेला आणि गेल्या शतकाच्या मध्यापासून वेल्समध्ये कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मुंबईचा शंख कार्डिफमध्ये का, असा विषाद वाटणे साहजिक आहे. पण तिथे तो चिठ्ठीसकट टिकला, हेही मान्य केले पाहिजे. आपल्याकडे असे काम झालेच नाही असेही नाही. १९५१-५२ मध्ये सुब्रह्मण्यम, करंदीकर आणि मूर्ती यांनी मुंबईच्या सागरी गोगलगाईंवर मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात सविस्तर निबंध लिहिले. 

आणि आता प्रश्न जागेचा आहे. मुंबईच्या किनाऱ्याचा बराच भाग भराव घालून कधीचाच जमीन झाला. मरीन ड्राइव्ह त्यावरच उभा आहे. २०१८ नंतर पश्चिम किनाऱ्यालगत भराव टाकून मोठा सागरी रस्ता बांधला गेला. रस्ते लागतात, हे खरेच. पण शंखावरून वर्णन झालेल्या जातीचा जिवंत प्राणी पाहायचा, त्याचे दात आणि डीएनए तपासायचे, तर शक्यतो जिथून पहिला नमुना आला त्याच किनाऱ्यावर जावे लागते. तो किनारा राहिला नाही तर मेलव्हिलचे अर्धे राहिलेले काम कदाचित अर्धेच राहील. सह्याद्रीच्या झऱ्यांचेही तेच. इतक्या थोड्या जागेत राहणाऱ्या जातीचा एक झरा वळवला तर तिचे सारे जग वळवल्यासारखे होते.

वर्गात काय करता येईल?

शेवटी शिक्षकांसाठी एक सूचना. सहलीत रिकामे शंखच घ्यावेत, तेही थोडे. जिवंत प्राणी जागच्या जागी ठेवावेत. काही मोठ्या शंखांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, याचीही कल्पना मुलांना द्यावी. प्रत्येक शंखाबरोबर तिथल्या तिथे चिठ्ठी लिहावी: गाव, तारीख, खडक की वाळू, भरतीच्या रेषेपासून किती वर, वेचणाऱ्याचे नाव. पेन्सिलीने लिहावे म्हणजे शाई पसरत नाही.

वर्गात आल्यावर मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने शंखाचे वर्णन शंभर शब्दांत लिहायचे. रंगाचा उल्लेख करायचा नाही, 'सुंदर' आणि 'छान' हे शब्द वापरायचे नाहीत, माप मात्र मिलिमीटरमध्ये द्यायचे. मग तो शंख इतर वीस शंखांत मिसळायचा आणि दुसऱ्याने केवळ वर्णन वाचून शोधून काढायचा. आम्ही हा प्रयोग अनेकदा केला आहे. पहिल्या फेरीत निम्मी मुले चुकतात. दुसऱ्या फेरीत ती शिवण, बरगड्या, पन्हळ हे शब्द आपणहून मागू लागतात. तिसऱ्या फेरीत एखादा हमखास म्हणतो, "सर, आत राहणारा प्राणी दिसला असता तर सोपं गेलं असतं."

आदाँसाँचेही म्हणणे तेच होते. मुलांना ते पुस्तकातून सांगण्याऐवजी त्यांच्या हातातल्या शंखानेच त्यांना सांगितले, तर धडा अधिक काळ टिकतो. आणि चिठ्ठ्या मात्र फेकू नयेत. जुन्या डब्यात, शंखांबरोबर, जपून ठेवाव्यात.